मी फिट, सुभेदारांच्या घरचा

मी फिट बोलतोय. घाबरू नका, कुणाला झटका आलेला नाही. मी नुसता एक शब्द आहे. जन्मानं इंग्रज, पण राहणं कडेगावच्या बाजूच्या एका उसाच्या गावात. इंग्रजीत माझ्या अंगावर तीन अक्षरं आहेत म्हणतात. असतील. गोऱ्या साहेबाच्या तोंडून निघालो आणि पलटणीतल्या गड्यांच्या ट्रंकेत बसून इकडं आलो. तिकीट काढलं नव्हतं, हे आपलं आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

इथं आल्यावर मला फार कामं लागली. नट आवळला की मी. पोलकं अंगाला नीट बसलं की मी. म्हातारा आजारातून उठून पारावर आला की "आता फिट हाय गड्या" म्हणून पुन्हा मीच. लग्न जमवणारे तर "तुमचं फिट करून टाकतो" म्हणत दोन्ही घरी जेवून येतात. कुणाला खरोखरीचा झटका आला की लोक "फिट आली" म्हणतात आणि नाकाशी कांदा धरतात. तिथं मी बाई होतो आणि गप्प बसतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

गंमत म्हणजे तुमच्या मराठीत माझ्यासारखाच दिसणारा एक जण आधीपासून आहे. धोतराची गाठ सुटली की ती फिटते. मी आवळणारा, तो सोडणारा. एकाच गावात राहतो, पण आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.

एकदा शाळेत गुरुजींनी फळ्यावर माझे अर्थ लिहिले. योग्य, लायक, समर्थ, तंदुरुस्त. हे नातेवाईक मी पहिल्यांदाच बघत होतो. योग्य अगदी सोवळ्यातला, लायक कचेरीतला, तंदुरुस्त दुरून मुक्कामाला आलेला. धडधाकट, ठणठणीत, खणखणीत ही आपली गावची मंडळी मात्र गुरुजींनी फळ्याबाहेरच ठेवली. मला त्यांच्याच पंगतीला बसायला आवडतं.

पण माझा खरा मालक म्हणजे सुभेदार लालासाहेब.

हे फौजेत भरतीच्या कामावर होते. पोरांच्या छातीला टेप लावायची, डॉक्टरसाहेब काय म्हणतात ते ऐकायचं आणि खडूनं पोराच्या उघड्या अंगावर खूण करायची. पेन्शन घेऊन गावी आले तरी हाताची सवय जाईना. गाय फिट, वांगी फिट, शेजारी अनफिट. पाऊस लांबला तर त्यालाही अनफिट करून मोकळे. माझ्याआधी 'अन' लावलं की मला शेपूट फुटल्यासारखं वाटतं, तेही पुढच्या बाजूनं. पण मालकापुढं कोण बोलणार?

सुभेदारांची लेक विजयमाला लग्नाला आली आणि घरात भरती सुरू झाली. आपल्याकडं पाव्हणे येतात आणि मुलीला जरा चालून दाखव म्हणतात. इथं उलटं. मुलगा आला की सुभेदार त्यालाच अंगणात पळवायचे. जीभ बघायचे, गुडघे जुळवायला लावायचे. शेवटी मुलानं घंगाळात पाय बुडवायचा आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर उभं राहायचं. पायाच्या आतल्या बाजूला फरशी कोरडी राहिली तर ठीक. सगळा तळवा उमटला तर पाय सपाट, आणि सपाट पायाला फौज घेत नाही. शिरवळचा एक नवरदेव तर गुडघे जुळवण्यापर्यंत पोचला आणि चप्पल तिथंच टाकून एसटीला पळाला. विजयमाला दाराआड तोंडात पदर कोंबून हसली. मीही हसलो.

मग दादासो आला, आणि विजयमालाचं हसू बंद झालं.

दादासोचं रान सुभेदारांच्या रानाला लागून. दोन्ही रानांच्या मधल्या पाटावर ह्या दोघांची नजर कधी जुळली ते सुभेदार सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दुसरं कुणी नको, असं तिनं आईला सांगून ठेवलं होतं. अडचण एवढीच की हा पोरगा आधी एकदा भरतीला जाऊन आला होता, आणि त्याच्या छातीवर खडूनं मला 'अन' लावून लिहिणारा हात सुभेदारांचाच होता.

"ह्यो पाय माझ्या वळखीचा हाय," सुभेदार म्हणाले. तरी घंगाळ मागवलंच. दादासोनं पाय बुडवला आणि फरशीवर टेकवला. उचलला तेव्हा खाली भाकरीसारखा सपाट ठसा.

"अनफिट," सुभेदार म्हणाले.

दादासोबरोबर आलेल्या त्याच्या मामानं टोपी डोक्यावर घातली. आतून बांगड्यांचा आवाज यायचा थांबला. मी हवेत लटकलेलो. मागं फिरावं म्हटलं, तर बोललेल्या शब्दाला परतीची वाट नसते.

एवढ्यात मनुबाई, म्हणजे सुभेदारांची मंडळी, माजघरातून बाहेर आल्या. पाव्हण्यांदेखत ही बाई कधी ओसरीवर येत नसे. त्यांनी लुगडं घोट्यावर घेतलं, सरळ घंगाळात पाय घातला आणि दादासोच्या ठशाशेजारी टेकवला.

तोही ठसा सपाट. वर भेगांची नक्षी.

"ह्यो बगा," मनुबाई म्हणाल्या. "ह्येला काय म्हंता?"

"अगं, तुला कुणी इचारलंय? ही भरती हाय."

"मग माझी बी करा. तुमी पलटणीत व्हता तवा ह्याच पायानं उसाला पाणी पाजलंय. सासूबाईंस्नी पाठुंगळी घिऊन चिखलातनं दवाखान्यात न्हेलंय. तवा न्हाई कुणी फरशीवर हुबं केलं. आता केलंसा तर पास तरी करा, न्हाईतर माघारी धाडा. मी ट्रंक भरते."

"तसं न्हवं गं..."

"कसं मग? आवं, पोरगी नांदायला द्यायची हाय का परेडला?"

सुभेदारांनी तोंड उघडलं. मी जिभेवर तयार उभा होतो. मागचं शेपूट, म्हणजे पुढचं, लावायचं की नाही तेवढंच ठरायचं होतं. पण त्यांनी मला गिळलं. एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच.

ते खाली वाकले. दोन्ही ठसे कडेनं वाळत चालले होते. बायकोचा पाय त्यांनी कधी असा बघितला नसावा. मग उठून मामांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं.

"पाव्हणं, जरा चूक झाली," ते म्हणाले. "ह्या घरच्या भरतीचं सायब ह्या हायत. मी निस्ता टेप धरणारा. काय ते ह्यास्नी इचारा."

मनुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मामांना विचारलं, "तिथी कवाची धरायची?"

आत पुन्हा बांगड्या वाजल्या. दादासो मात्र तसाच ओल्या पायानं उभा. बस म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

लग्न झालं. लोकांनी विचारलं, सुभेदार, जावई कसा? तोंडाशी आलेल्या मला त्यांनी मागं ढकललं, इकडं तिकडं शब्द शोधला आणि म्हणाले, "आपला हाय." माझ्या एवढ्या अर्थांत हा अर्थ कुठल्याच गुरुजींनी फळ्यावर लिहिला नव्हता. आता मीच लिहून घेतलाय.

त्या घरात मला पूर्वीसारखं काम उरलेलं नाही, पण माझी तक्रार नाही. तेवढी एक विनंती ऐका. मला नटाला लावा, दाराच्या कडीला लावा, नव्या चोळीला लावा. माणसाला लावायच्या आधी मात्र त्याच्याजवळ नांदणाऱ्या माणसाला विचारून घ्या.

बरं, निघतो आता. तिकडं रस्त्यावर बैलगाडीचं चाक निखळलंय, आणि गाडीवान माझ्या नावानं हाका मारतोय.