सात नंबरचा दांडा

सातनंबरचा गुडघा फोडला तेव्हा मेहुण्याच्या हातात घण होता; आज नुसती काठी होती. वीस वर्षांत माणूस एवढाच काय तो निवळला होता. त्याने दार वाजवलं नाही, लाथ मारली. कडी उडून भिंतीवर आपटली आणि टेबलाशी बसलेल्या सातनंबरच्या हातातला ब्रश खाली पडला.

"दाखव," मेहुणा म्हणाला. "काय काय खोटं रचून ठेवलंयस ते दाखव."

सातनंबर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दगडखाणीत रुळांवरून दगड वाहणाऱ्या ट्रॉल्या होत्या आणि त्यांचे ब्रेक सांभाळणं हे त्याचं काम. एके दुपारी सुरुंग उडाला, जमीन हादरली, आणि वरच्या रुळावर उभी असलेली सात नंबरची भरलेली ट्रॉली उतारावरून सुटली. खाली त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ पाणी पीत बसला होता. त्याला रुळावरून खरवडून काढावं लागलं. बायकोचा थोरला भाऊ खाणीचा मुकादम. ब्रेक लावायचाच राहिला, असा त्याने तिथल्या तिथे निवाडा दिला आणि सगळ्यांच्या देखत घण उचलून याचा उजवा गुडघा फोडला. कुणी मध्ये पडलं नाही. ब्रेक कधीचा मेलेला होता, मुकादमाला दहादा सांगितलं होतं, ट्रॉली घसरू नये म्हणून मी चाकाखाली दगडाची उटी लावून दिवस ढकलत होतो, ती हादऱ्याने निसटली, असं हा ओरडत राहिला. गुडघा फुटलेल्या माणसाचं ओरडणं कोण मनावर घेतो? ट्रॉली भंगारात गेली आणि तिचा नंबर याला चिकटला.

बायकोने दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या, शिवणकाम करून घर चालवलं. पण 'माझा तुमच्यावर विश्वास आहे' एवढं एक वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही. गुडघा फक्त थंडीत ठणकायचा. त्या न आलेल्या वाक्याचं दुखणं बारमाही होतं.

आता खाणीच्या साहेबांना कार्यालयात ठेवायला जुन्या खाणीचा देखावा हवा होता, चालत्या रुळांसकट. सातनंबरने ते काम मागून घेतलं, आणि ते मेहुण्याच्या कानावर गेलं होतं. पलंगाएवढ्या फळीवर त्याने प्लॅस्टरचे कडे उभे केले, त्यांवर खाणीतलीच दगडाची पूड डिंकाने बसवली, पत्र्याच्या ट्रॉल्या केल्या, तारेचे ब्रेकचे दांडे केले. सगळं झालं आणि खेळण्यासारखं कोरं करकरीत दिसायला लागलं. जुनं करायला हलका हात लागतो, आणि त्याचा हात थरथरायचा. म्हणून ते काम बायकोकडे गेलं. तिने जुने खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून गंजाचं पाणी केलं, काजळी धरली, आणि चिंधीने टिपत टिपत सगळी खाण म्हातारी केली. शेवटच्या ट्रॉल्या तिने आज सकाळीच रुळावर मांडल्या होत्या. त्याने त्या अजून नीट पाहिल्याही नव्हत्या.

मेहुण्याने फळीभोवती एक फेरी मारली. अपघाताची कुठे खूण नव्हती. त्याचा आवाज जरा सैलावला.

"बरं केलंयस की. तेव्हा शेण खाल्लंस, पण हातात कला आहे हो तुझ्या."

मुकादमाने जुन्या सवयीने एकेक ट्रॉली बोटाने मोजली आणि सातवी उचलून डोळ्यांजवळ धरली.

सातनंबरनेही ती तेव्हाच पाहिली. बाकीच्या ट्रॉल्यांचे दांडेही गंजके होते, पण मुठीच्या जागी बायकोने पेन्सिलीचं शिसं घासून चकाकी आणली होती. रोज हात फिरतो तिथे लोखंड गंजत नाही. खाणीत जन्म गेलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. सातव्या ट्रॉलीचा दांडा मात्र मुठीपासून बुडापर्यंत गंजलेला होता. म्हणजे त्याला महिनोन्‌महिने कुणाचा हात लागला नव्हता. म्हणजे तो ब्रेक चालतच नव्हता.

"हरामखोरा!"

काठी सातनंबरच्या कानावर बसली. तो खुर्चीसकट आडवा झाला. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा त्याच त्या गुडघ्यावर. तोंडात रक्ताची खारट चव आली.

"त्यांना मारू नकोस, दादा. ते मी रंगवलंय."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"जेवणाचा डबा घेऊन मीच यायचे ना रोज? पिशवी त्याच दांड्याला अडकवायचे. पांढरी पिशवी. रोज गंजाचा डाग पडायचा. घासून घासून बोटं सोलली, पण डाग काही निघाला नाही. दुसऱ्या दांड्याला अडकवली की डाग नाही."

"गप्प बस."

"गप्पच होते की वीस वर्षं. आई म्हणाली, एक पोर गेलं, दुसऱ्याला तुरुंगात घालू नकोस. आता आई नाही."

काठी फिरली. तिने डोक्यावर हात धरला आणि मनगट कडकन वाजलं. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. तेच मेहुण्याला सहन झालं नसावं. तो फळीवर तुटून पडला. कडे फुटले, रूळ उखडले, ट्रॉल्या उडून भिंतीवर चेपल्या. पांढऱ्या धुळीने खोली भरली, खऱ्या सुरुंगानंतर भरायची तशी.

सातनंबर सरपटत गेला आणि त्याने मेहुण्याचा घोटा धरून ओढला. म्हातारा धाडकन पडला. टेबलाखाली हातोडी होती. ती हातात आली, आणि मेहुण्याचा उजवा गुडघा समोरच होता. हा क्षण त्याने वीस वर्षं मनात घोळवला होता. हातोडी वर गेली. मेहुणा लहान पोरासारखा "नको, नको" करायला लागला. सातनंबरची नजर बायकोकडे गेली. हिला माहीत होतं! रोज शेजारी झोपत होती, गुडघ्याला तेल चोळत होती, आणि हिला माहीत होतं. हातोडी नक्की कुणासाठी उचललीय हे त्याचं त्यालाच कळेना.

हातोडी खाली आली आणि गुडघ्याशेजारची फरशी फुटली.

"चालता हो," तो म्हणाला. "आणि दोन्ही पायांवर चालत जा."

मेहुणा भिंतीला धरून उठला. काठी घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

दोघं त्या धुळीतच बसली होती.

"आईला जाऊन वर्ष झालं," सातनंबर म्हणाला.

"धीर होत नव्हता."

"मला सांगायला?"

"तुम्हालाच."

त्याला रडू आलं, आणि त्याचा त्याला रागही आला. त्याने चादरीची पट्टी फाडली, मोजपट्टी तिच्या मनगटाला लावली आणि बांधली. जरा जास्तच आवळून बांधली. तिने हात मागे घेतला नाही.

मग चांगल्या हाताने तिने केरातून सातवी ट्रॉली शोधून काढली. एक बाजू चेपली होती, दांडा शाबूत होता.

"कुठे ठेवू?"

"खिडकीत. रस्त्यावरून दिसेल अशी."

खिडकीचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता होता. तिने हात काढताच ट्रॉली हळूहळू पुढे सरकली. सातनंबर भिंतीचा आधार घेत उठला, फुटलेल्या फरशीचा एक दगडी कपचा उचलला आणि चाकाखाली नीट बसवला.