ताटलीतली रानमोडी

"रानमोडीन जंतू मरतत ह्या कॉलेजान सिद्ध केल्यान, आणि तू नववी नापास माका शिकवतंस?" गणपतकाका म्हणाला.

मी म्हटलं, नापास नाही, शाळा सोडली. फरक आहे.

काकाचा पाय आरोंद्याच्या खाडीत कालवाच्या शिंपल्याने कापला होता. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या खिडकीत पडून. पायाला रानमोडी या तणाचा पाला वाटून बांधलेला, आणि पाय सुजून पपईएवढा. वास असा की जेवताना कोणी त्याच्या बाजूला बसेना.

हे सगळं त्याच्याच मुलीमुळे. अपेक्षा सावंतवाडीच्या कॉलेजात जंतूंचं शिकते. तिने रानमोडीचा अर्क काढला, जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत ठेवला आणि बापाला फोटो पाठवला. ताटलीत दोन ठिकाणी जंतू मरून गोल साफ झालेले, एक लहान, एक मोठा. खाली तिने लिहिलं होतं की लहान गोल रानमोडीचा, मोठा डॉक्टरी औषधाचा, तुलनेला ठेवलेला. काकाने तिचं लिहिलेलं वगळून नुसता फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. वाडीने मोठा गोल रानमोडीला देऊन टाकला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या धोंडूने तर बागेतली रानमोडी काढायचंच बंद केलं. त्याला तेवढं निमित्त पुरे होतं.

मी फोटो मोठा करून काकाच्या नाकासमोर धरला आणि ओरडलोच, "ह्यो बारको तुझ्या पाल्याचो, आणि ह्यो मोठो खिडकीतल्या गोळीचो. दिसता मा?"

काकाने दोन्ही गोलांवर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाला, "बरा तर. गोळी घेतंय."

मला वाटलं जिंकलो. खूश होऊन आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर पाकीट रिकामं. सगळ्या गोळ्या पाट्यावर वाटून पाल्यात कालवलेल्या, आणि पायाला नवी पट्टी.

मी म्हटलं, अरे, गिळायच्या होत्या त्या.

"ताटलीत खंय कोणी गिळल्यान? वरच ठेवलेली मा?"

अपेक्षाला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, पायावर लाल रेघ चढलीय का बघ, असेल तर जंतू रक्तात चाललेत. धोतर वर करून बघितलं. गुडघ्याच्या पुढे गेली होती.

आता काका कुडकुडतोय आणि वर सांगतोय, पट्टी सोडू देणार नाही, डॉक्टरलापण रानमोडीचा गुण कळू दे. त्याला दवाखान्यात न्यायला महादूची रिक्षा दारात आलीय. मला निघायला हवं.