पाय बुडतील इतकं पाणी

उत्तराने टबातल्या पाण्यात कोपर बुडवलं, क्षणभर थांबली आणि लॅपटॉपकडे बघून म्हणाली,

"हाताने बघायचं नाही, केतकी. आपल्या हातांना सगळं सोसतं. कोपराने बघायचं. तान्ह्या बाळाचं पाणी बघतो ना, तसं."

पडद्यावर एका शाळेच्या तळघरात नऊ बायका बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. त्या देशात युद्धाला दुसरं वर्ष लागलं होतं. त्यांत कुणी शिक्षिका होती, कुणी दवाखान्यातली मदतनीस, एक तर बेकरीत पाव भाजणारी. त्यांच्यापुढे उभी केतकी, उत्तराची पुण्याच्या कॉलेजातली धाकटी मैत्रीण, मदतसंस्थेच्या कामासाठी तिकडे गेलेली. तिथली भाषा ती मोडकीतोडकी का होईना, शिकली होती. उत्तराचं मराठी ऐकायचं आणि बायकांना सांगायचं, असं चाललं होतं.

"तीन महिने पाटी लावून बसलेय ताई, 'मानसिक आरोग्य केंद्र'. चोवीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन," केतकी म्हणाली. "आली किती, तर चार माणसं. त्यातल्या दोघांना ब्लँकेट हवं होतं."

उत्तरा हसली. तिला साठ फॉर्म आठवले.

जपानातल्या त्सुनामीनंतरचा पहिला हिवाळा. तिचा नवरा देवदत्त सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करत होता आणि ती चार महिन्यांच्या जुईला पाठीशी बांधून, स्थानिक मदतपथकाच्या बसने किनाऱ्याकडच्या तात्पुरत्या वस्तीत जायची. पत्र्याच्या घरांच्या लांबच लांब ओळी, एकसारखी दारं. घोकून पाठ केलेल्या जपानीत ती विचारायची, रात्री झोप लागते का? भूक लागते का? समोरची म्हातारी माणसं अदबीने वाकायची आणि म्हणायची, "दाइजोबु." ठीक आहे. साठ फॉर्मांवर साठ वेळा दाइजोबु.

मग पथकातल्या नर्सबाईंनी, कान्नो-सान त्यांचं नाव, तिच्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि टॉवेल दिला. "पाय धू," त्या म्हणाल्या. "पायाकडे बघ, चेहऱ्याकडे बघू नकोस. काही विचारू नकोस. बोललेच, तर पाण्याशी बोलतायत असं समज."

आणि माणसं बोलली. कालवांची शेती करणारे एक आजोबा बुडालेल्या बोटींबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. पण बायको लोणच्यावर जो दगड ठेवायची, तो कुठे सापडत नाही, हे त्यांनी टबातल्या पाण्याला तीनदा सांगितलं. तोवर जुई या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असायची. परतीच्या बसमध्ये तिच्या जावळाला रॉकेलच्या शेगडीचा नि भाजलेल्या चहाचा वास यायचा, आणि दोन्ही मुठींत कुणीतरी कोंबलेली एकेक मिकान, ते इवलं संत्रं. तो वास उत्तराला अजून फुनाबोरीच्या या फ्लॅटमध्ये अधूनमधून येतो. कुठून येतो, देव जाणे.

"ते सगळं खरं, पण पाय कुणाचे धुऊन दाखवणार?" केतकीने विचारलं. "जिजाजी आहेत का?"

"ऑफिसात. आणि त्याचे पाय परदेशात दाखवण्याजोगे नाहीत गं."

उत्तरा उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली. मंगळवार होता, दुपारचे तीन. जुई शाळेत असायला हवी होती. आज अठरावा दिवस. रोज सकाळी ती गणवेश घालून दारापर्यंत यायची, एक बूट चढवायची आणि तिथेच बसून राहायची. उत्तराने सगळं विचारून पाहिलं होतं. बाई ओरडल्या का? कुणी चिडवलं का? फोनवर काही आलं का? रागावून, लाडावून, जवळ घेऊन. उत्तर एकच, दाइजोबु. दुसऱ्यांची मनं उलगडण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईला ते अठरा वेळा ऐकावं लागलं होतं.

"जुई, पाय उसने देतेस? दहा मिनिटं."

"कॅमेऱ्यात तोंड दिसणार?" जुईने जपानीत विचारलं.

"फक्त पाय."

ती आली, खुर्चीवर बसली. उत्तराने लॅपटॉप खाली वळवला. पाण्यात गेल्यावर जुईची बोटं आधी आकसली, मग सैल झाली. केवढे मोठे झालेत हे पाय, उत्तराच्या मनात आलं. शेवटचे कधी धुतले होते आपण?

"टाचेपासून सुरुवात करायची," ती पडद्याला म्हणाली. "घाई नाही. आणि आता मीही बोलणार नाही."

पाणी तेवढं डुचमळत राहिलं. तळघरात कुणीतरी खोकलं. चार मिनिटं गेली असतील, नसतील.

"कोरोना होता तेव्हा बरं होतं," जुई हळूच जपानीत म्हणाली. "जेवताना सगळे आपापल्या बाकावर, पुढे तोंड करून. सगळेच एकटे. आता परत बाकं जोडतात. माझ्या बाकाला कुणी जोडत नाही."

उत्तराचा हात टाचेवर थांबला. मान वर करायला ती आसुसली होती. कोण जोडत नाही? कधीपासून? बाईंना सांगितलंस? सगळे चोवीस प्रश्न एकदम ओठांवर आले. तिने ते गिळले आणि हात पुन्हा चालू केला, घोट्यापाशी, सावकाश.

"ताई, काय म्हणाली गं जुई?" केतकीचा आवाज आला. "या सगळ्या विचारतायत."

जुईचा पाय पाण्यात ताठ झाला. मराठी तिला सगळं समजत होतं.

"पाणी जरा गरम हवंय म्हणतेय," उत्तरा खाली बघूनच म्हणाली.

तिने किटली ओढली आणि पायापासून लांब, टबाच्या कडेने, बारीक धार सोडली.  जुईचा पाय हळूहळू पुन्हा जड झाला, आईच्या तळहातावर टेकला. मग जपानीतच, आधीपेक्षा किंचित मोठ्याने, तिने पुढचं सांगायला सुरुवात केली.

पडद्यावर बेकरीतली बाई केतकीकडे वळली, ओठांवर बोट ठेवलं आणि नजर खाली घेतली. मग एकेक करत बाकीच्या आठजणींनीही.