वीतभर वाढलेली साखळी

मी एक जुनी साखळी आहे. मित्रांनो, साखळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यातली आली असेल, नाहीतर कुत्र्याची. मी त्यातली नव्हे. मी मोजणीची साखळी. शंभर पोलादी दुवे, दोन दुव्यांमध्ये तीन-तीन बारीक कड्या आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी. जमिनीवर ताणून धरलं की मी बरोबर वीस मीटर भरते, आणि गोळा केलं की पिशवीत मावते. 'बरोबर' हा शब्द मी हल्ली जपून वापरते. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला लांबलचक टेबलावर पसरलं, डोळे बारीक करून पाहिलं, एक कडी काढली, पुन्हा पाहिलं आणि मग मुठीवर 'वीस मीटर' असा ठसा मारला. ठसा बसताना दुखलं, पण ऊर भरूनही आला. आता आपण जन्मभर खरंच बोलणार, असं मला वाटलं. कोऱ्या वस्तूंना असं वाटतंच.

तिथून मी विजेच्या कार्यालयात आले. तुम्ही रस्त्याने जाताना विजेचे खांब बघता ना? कुणीतरी आलं, खड्डे खणले, खांब रोवले, एवढंच तुम्हाला ठाऊक. पण त्याआधी ती सगळी वाट कुणीतरी पायी तुडवलेली असते. खांब कुठे येईल, तार कुठे वळेल, ओढा कुठून ओलांडायचा, कुणाच्या छपरावरून जायचं नाही, हे आधी जमिनीवर ठरतं आणि मग कागदावर उतरतं.

आमच्याकडे हे काम एक बाई करायच्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. उन्हाने रापलेल्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या आणि बोलायला भलत्याच फटकळ. तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून त्या रेघ ठरवायच्या आणि माझं पुढचं टोक धरून त्यांचे मदतनीस काका चालायचे. काकांचं पोट सुटलेलं होतं, गुडघे कुरकुरायचे, पण काटेरी झुडपांतून सरळ रेषेत जाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वीस मीटर झाले की ते जमिनीत एक लोखंडी सळई खोचत. मागून येणाऱ्या बाई ती उपटून घेत. किती सळया हातात आल्या, त्यावरून अंतर कळे. जिथे खांब यायचा तिथे लाकडी खुंटी ठोकली जाई. त्या खुंट्यांची ओळ बघितली की मला फार बरं वाटे. अजून खांब नाही, तार नाही, पण वाट ठरलेली आहे, आणि ती मी मोजलेली आहे!

लोकही कौतुक करायचे. "साखळी आली म्हणजे आता वीज येणार," असं म्हणत ते आम्हाला पाणी आणून द्यायचे. पाणी बाई आणि काका प्यायचे, कौतुक मात्र मी माझ्याकडे ठेवून घ्यायची.

अशी आठ वर्षं गेली. मला ओढ्यातून ओढलं, खडकावरून खेचलं, झुडपात अडकले तर हिसका देऊन सोडवलं. सुरुवातीला काका दर शनिवारी मला तेलाच्या फडक्याने पुसायचे. मग कामं वाढली आणि फडकं कुठे गेलं कुणास ठाऊक. माझ्या बारीक कड्या गोलाच्या लांबट होऊ लागल्या, काहींची तोंडं उघडली. हे मला कळलं का? खरं सांगते, नाही कळलं. तुमची उंची वाढते तेव्हा तुम्हाला तरी कुठे कळतं? तुमची चड्डी आखूड होते आणि आई ओरडते, तेव्हा कळतं.

माझ्यासाठी अशी ओरडणारी सोय कार्यालयाच्या व्हरांड्यात होती. फरशीत बरोबर वीस मीटर अंतरावर दोन पितळी खिळे बसवलेले होते. दर महिन्याला मला त्यांच्यामध्ये पसरून तपासायचं, असा नियम होता. पण मोठ्या बाबूंना फायलींसाठी नवं कपाट मिळालं, ते खोलीत मावेना, म्हणून त्यांनी ते व्हरांड्यात ठेवलं. नेमकं एका खिळ्यावर. काकांनी दोनदा सांगून पाहिलं. मोठे बाबू म्हणाले, "बघू." ते दीड वर्ष बघत राहिले.

त्या दीड वर्षात आम्ही डोंगराकडच्या एका वस्तीची वाट मोजली. मोठ्या रस्त्यापासून वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत माझ्या हिशेबाने सहा हजार मीटर झाले. त्या शेवटच्या घरात एक मावशी राहायच्या. त्या लाकडी पेटीत अंडी ठेवून, खाली कंदिलाची ऊब देऊन पिल्लं काढत आणि आसपासच्या वस्त्यांना विकत. कंदील भडकला तर अंडी जळायची, विझला तर गारठायची. मावशी रात्रीतून चारदा उठायच्या. वारा सुटला की अख्खी पेटी वाया जायची.

"पोरी, मला घरात उजेड नसला तरी चालेल," त्या बाईंना म्हणाल्या, "पण या पेटीत एक दिवा दे. एकसारखा जळणारा."

बाईंनी त्यांच्या अंगणाशी शेवटची खुंटी ठोकली आणि म्हणाल्या, "मावशी, ही खुंटी हलायची नाही."

एका गुरुवारी व्हरांड्याला रंग लावायचा म्हणून कपाट सरकवलं गेलं. धूळ झाडताना खिळा चमकला. काका हसत म्हणाले, "बाई, हा बघा, आपला हरवलेला पाहुणा!" बाईंनी मला सहज म्हणून पसरलं. एक मूठ या खिळ्याला लावली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बघतात तो काय, मी खिळ्याच्या पलीकडे चांगली वीतभर गेलेली.

काकांचं हसू मावळलं. बाईंनी फरशीवर बसून ते पट्टीने मोजलं, वीस सेंटीमीटर. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्या मुठीवरचा ठसा वीस म्हणत होता आणि मी खोटं बोलत होते.

वीतभर म्हणजे काही फार नाही, असं तुम्हाला वाटेल. पण साखळी लांब झाली की मोजलेलं अंतर कागदावर कमी येतं. दर वीस मीटरला एक वीत, तर सहा हजार मीटरला साठ मीटर. बरोबर दोन खांबांमधलं अंतर! कागदावर जेवढी लांबी, तेवढ्याच हिशेबाने गोदामातून तार मिळते. तार मधे खाली झुकते, त्या झोळासाठी थोडी जास्त धरतात, पण ती झोळातच जाते. म्हणजे मावशींच्या अंगणात खांब उभा राहिला असता आणि तार आदल्या खांबावरच संपली असती.

बाई तशाच उठल्या आणि कार्यालयाच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, माझी मोजणी चुकली," त्यांनी सांगून टाकलं. कपाटाचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. "कपाट मीच हलवून घ्यायला हवं होतं," एवढंच त्या नंतर काकांना म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, सोमवारी फाइल वर जातेय. आता लांबी वाढवून मागितली तर ती गठ्ठ्याच्या तळाला जाईल आणि अख्ख्या वस्तीचा नंबर हुकेल. जाऊ दे तशीच. एका घराचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कोण बघतंय, साहेब?" बाई म्हणाल्या. "एका घरासाठी परत कोण जाणार तिकडे? तुम्ही जाल?"

साहेबांनी फाइल पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "कागदावरची लांबी वाढवता येणार नाही. जमिनीवरची कमी होत असेल तर करून आणा. सोमवारी अकराच्या आत."

शुक्रवारी काकांनी मला ऐरणीवर घेतलं. मित्रांनो, असा मार मी आयुष्यात खाल्ला नव्हता. प्रत्येक लांबटलेली कडी ठोकून गोल केली, उघडी तोंडं मिटवली, चार कड्या काढून टाकल्या. प्रत्येक वेळी खिळ्यांमध्ये पसरून बघायचं आणि पुन्हा ठोकायचं. संध्याकाळी मी दोन्ही खिळ्यांना बरोबर भिडले तेव्हा काका मला म्हणाले, "झालं गं बाई, सुटलीस." मला टाकून नवी आणता आली असती. त्यांनी तसं केलं नाही, हे मी विसरलेली नाही.

शनिवारी आम्ही सगळी वाट पुन्हा मोजली. सहा हजार साठ. आता साठ मीटर वाचवायला एकच जागा होती. वस्तीच्या अलीकडे एका वीटवाल्याचं कच्च्या विटा वाळवायचं आवार होतं. तिथून तार न्यायला त्याने साफ नकार दिलेला, म्हणून आमची रेघ आवाराला वळसा घालून जात होती. सरळ गेली असती तर सत्तर मीटर वाचले असते.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या दारात. तो हात जोडूनच बाहेर आला. "बाई, पाया पडतो, पण ते नाव काढू नका. माझ्या चुलतभावाची कडब्याची गाडी तारेला लागली होती. भाऊ वाचला, गाडी जळाली. माझी विटांची गाडी दिवसातून दहा वेळा इथून जाते."

बाईंनी वाद घातला नाही. कागद काढला, तार किती उंच असेल ते आकडे दाखवले. वीटवाला म्हणाला, "आकडे तुमचे, गाडी माझी." बाईंनी कागद घडी करून ठेवला. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"काका, हिला वर चढवा."

आवाराच्या एका कडेला उंच झाड होतं, दुसऱ्या कडेला पाण्याची टाकी. काका कुरकुरत्या गुडघ्यांनी झाडावर चढले आणि माझी एक मूठ फांदीला बांधली, दुसरी टाकीच्या कठड्याला. जन्मभर जमिनीवर लोळलेली मी, पहिल्यांदाच हवेत लोंबकळले. बाईंनी तीन काठ्या एकावर एक बांधल्या आणि त्या मापाने मला वर-खाली करून घेतलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "साखळी मधे जशी झोळ घेते, तशीच तारही घेते. अगदी कडक उन्हात तार ढिली पडली तरी याच्या खाली यायची नाही. आता आणा तुमची गाडी. भरून आणा."

वीटवाल्याने गाडी आणली, वर आणखी दोन थर रचले. मुद्दामच! गाडी माझ्याखाली आली आणि मी श्वास रोखला. गाडी निघून गेली. वरच्या विटेत आणि माझ्यात दीड माणूस उभा राहील एवढी जागा होती. त्याने गाडी तशीच मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, मग स्वतः विटांवर चढून हात उंच केला. बोटं पोचली नाहीत.

"साखळीखाली हात वर केलात तेवढा पुरे," बाई खालून ओरडल्या. "तारेखाली असा आगाऊपणा केलात तर मीच खाली ओढीन!"

वीटवाला हसत उतरला. "तार शेवटी कुणाकडे जाणार?" त्याने विचारलं.

"पिल्लांच्या मावशींकडे."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं! माझ्या कोंबड्या त्यांच्याकडच्याच." त्याने स्वतः खुंटी हातात घेतली आणि बाईंनी दाखवलेल्या जागी आवाराच्या कडेला ठोकली.

मी अजून वरच होते. तिथून मला मावशींचं छप्पर दिसत होतं. मला त्या क्षणी रडू आलं असतं, पण पोलादाला ते जमत नाही.

सोमवारी दहा वाजता फाइल साहेबांच्या टेबलावर होती. सात महिन्यांनी तार आली. ओढणाऱ्या माणसांनी ती शेवटच्या खांबावर चढवली तेव्हा रिळावर थोडी उरलीही होती. काकांनी ती हाताने मोजली आणि पुन्हा मोजली. वीज भर दुपारी सुरू झाली. मावशींनी पेटीचं झाकण लावलं, फटीला डोळा लावून आतला दिवा पाहिला आणि बराच वेळ तिथून हलल्याच नाहीत. मग बाईंना म्हणाल्या, "आज मी झोपणार आहे, पोरी. सलग झोपणार आहे."

आता आकाशाशी बोलणारी यंत्रं आली आहेत. ती एका जागी उभी राहून मैलभर मोजतात. मी कार्यालयाच्या भिंतीवर लटकलेली असते, कधी पुसली जाते, कधी नाही. तक्रार नाही. मला चांगली माणसं मिळाली. माझी चूक पदराखाली न झाकता ती माझ्या कड्यांतून ठोकून काढणारी माणसं सगळ्यांच्या नशिबात नसतात.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात तराजू असेल, घड्याळ असेल, मोजपट्टी असेल, तर तिला पुसा आणि अधूनमधून तपासूनही बघा. आम्हाला राग येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. माझी चूक पहिल्या खांबापाशी झाली, दहाव्यापाशी झाली, पन्नासाव्यापाशी झाली, आणि तिथल्या कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. ती सगळी साठून एकट्या मावशींच्या दारात जाऊन उभी राहणार होती. तुमच्या हातून कधी काही थोडंसं कमी भरलं, तर ओळीत शेवटी कोण उभं आहे, ते आधी जाऊन बघा.