नग दोन

तुंगाबाई आणि त्यांचे यजमान नरसिंहराव आता राहायला जाणार होते, त्या आनेकलच्या वृद्धाश्रमात सामान किती आणायचं याची मर्यादा होती. एक पेटी, एक कपाट भरेल इतके कपडे, आणि देव असतील तर लहान. नवरात्रात दरवर्षीसारख्या पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडणं तिथे शक्यच नव्हतं. इतर बाहुल्या तुंगाबाईंनी शेजारपाजारच्या मुलींना वाटून टाकल्या. राहिले ते पट्टद गोंबे, म्हणजे रक्तचंदनाचे राजा-राणी. लग्नात आईने लेकीला द्यायची ही जोडी. तुंगाबाईंना ती त्यांच्या आईकडून मिळाली होती, आईला आजीकडून. तुंगाबाईंना मुलगी नव्हती. मुलगा अभिजीत परदेशात, आणि त्याच्या घरी हे कोणी मांडणार नव्हतं.

"विका," त्या अंथरुणावरूनच म्हणाल्या. "फुकट दिलेलं लोक माळ्यावर टाकतात. विकत घेणारा मांडतो. पण दोघं एका घरी गेले पाहिजेत. तेवढं बघा."

नरसिंहरावांनी तेवढं बघायचं कबूल केलं.

वरच्या मजल्यावर पुण्याची उल्का भाड्याने राहायची. ती म्हणाली, "काका, सिंपल आहे. ऑनलाइन फिक्स्ड प्राइस टाका आणि मोकळे व्हा."

पण किंमत सांगायची म्हणजे कोणती सांगायची? सासूबाईंच्या हातून आलेल्या वस्तूचा भाव आपण उच्चारायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. लिलाव बरा. त्यात किंमत लोक सांगतात.

मग ते लिलावाचे प्रकार वाचत बसले. वाचण्याच्या बाबतीत त्यांना स्वतःवर थोडा तरी भरवसा होता. चढत्या लिलावात बोली सगळ्यांसमोर वाढत जाते. शेवटच्या मिनिटाची ती झटापट त्यांना नको होती. उतरत्या लिलावात किंमत खाली येत राहते आणि पहिला 'घेतो' म्हणणारा जिंकतो. ते वाचून त्यांना चिकपेटच्या ज्या कापडदुकानात त्यांनी नोकरी केली तिथली चीटी, म्हणजे भिशी, आठवली. दर महिन्याला सगळे जमायचे, जमलेल्या रकमेवर बोली खाली खाली जायची, आणि ज्याची गरज सर्वांत मोठी तो सर्वांत कमी रकमेला हात वर करायचा. तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नसे. तो प्रकारही त्यांनी सोडून दिला.

राहिली बंद बोली. प्रत्येकाने आपला आकडा गुपचूप कळवायचा, कोणाला कोणाचा दिसत नाही. हे त्यांना सभ्यपणाचं वाटलं.

फोटो उल्काने काढले. माहिती त्यांनी स्वतः भरली, कारण सारखं तिला खाली बोलवायचा त्यांना संकोच वाटे. लाकूड कोणतं, उंची किती, आणि मग, नग किती. त्यांनी दोन लिहिलं. दुकानात त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की धोतरजोडी असली तरी नग दोनच लिहायचे, नाहीतर माल जुळत नाही. सगळा जन्म त्यांनी तसंच लिहिलं होतं. त्या रकान्याखाली बारीक अक्षरात होतं की एकाहून अधिक नग असल्यास वरच्या बोलींना एकेक नग मिळेल. तेही त्यांनी वाचलं होतं. ज्यांच्याकडे पुष्कळ माल असतो त्यांच्यासाठी ते असावं, असं त्यांना वाटलं.

लिलाव संपल्यावर उल्का खाली आली आणि फोन हातात धरून दारातच थांबली.

"काका, विनर दोन आहेत. एक मनस्विनी म्हणून, इंदिरानगरची. एक म्हैसूरचे विनोदकुमार. प्रत्येकी एक."

"एक जोडी?"

"एक बाहुली."

त्यांनी फोन हातात घेऊन तो रकाना पुन्हा वाचला.

"कॅन्सल करा ना," ती म्हणाली. "फार तर अकाउंट ब्लॉक करतील. तुम्हाला परत कुठे काय विकायचंय? मी बोलू का?"

"नको. चूक माझी आहे."

मनस्विनीला त्यांनी आधी फोन केला. ती दोन्ही घेईल का?

"नाही हो काका, मला एकच पीस हवाय. कॅफेच्या काउंटरवर ठेवायला. राणीच पाठवा, ती फोटोत मस्त येते. आणि जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं काहीतरी बघते."

ती इतकं सरळ बोलली की त्यांना धीर आला. आता फक्त विनोदकुमारांनी दोन्ही घ्यायला हवे होते.

"दुसरी राणी कशी बसवणार अण्णा?" विनोदकुमार म्हणाले. "आमची आहे की. आमच्या राजाला वाळवी लागली. स्वल्प थांबा हं, अम्मा बोलते म्हणते."

मग एक थकलेला आवाज आला. "कित्येक नवरात्रं आमची राणी एकटीच बसलीय हो. बायका बघून जातात, तोंडावर बोलत नाहीत. तुमचा फोटो मी देवापुढे ठेवलाय. देताय ना?"

नाही म्हणायचं होतं. दोन्ही घेणार नसतील तर तेच सांगायचं ठरलं होतं. उल्का समोर उभी राहून 'नाही' म्हणून मान हलवत होती.

"सरी," नरसिंहराव म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला तशी उल्का पुढे आली. "तुम्ही हो म्हणालात," ती म्हणाली. "मग राणीचं काय?"

त्यांनी मनस्विनीला राणी पाठवतो म्हणून कळवलं. राजा गेल्यावर राणीला अडवून ठेवण्यात काय अर्थ होता? ठेवणार तरी कुठे?

तुंगाबाईंना त्यांनी सांगितलं नाही. सकाळी सांगू, असं मनाशी म्हणाले, मग दुपारी. दुपारी पार्सलवाला आला. त्यांनी दोन खोकी हॉलमध्येच बांधली होती, पण दार उघडं होतं, आणि पलंगावरून दार दिसायचं.

"दोन का?" तुंगाबाईंनी विचारलं.

ते आत जाऊन पलंगाशी उभे राहिले. तुंगाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी जन्मभर नवऱ्याचा चेहरा वाचला होता. दोन का, हे पुन्हा विचारायची गरज पडली नाही.

"राणी कुठं?"

"इथंच. गावात. एका हॉटेलात."

"मांडतील?"

"काउंटरवर ठेवणार आहेत."

बाहेर पार्सलवाल्याने घेऊ का म्हणून विचारलं. तुंगाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि हातानेच घे म्हणून खूण केली. खोकी उचलल्याचा आवाज आला, मग फाटकाचा. त्या डोळे न उघडताच बोलल्या.

"आनेकलला आपल्याला एकाच खोलीत ठेवतील ना? ते तरी नीट वाचलंय ना तुम्ही?"

"वाचलंय," नरसिंहराव म्हणाले.

खरोखरच वाचलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण काय वाचलं होतं ते आता त्यांना सांगता येईना.