पडून

स्टोअरकीपरच्या तळहातावरचं काळं रबरी कडं पूर्वी दाबलं की दबायचं, आता नुसतं कुरकुरतं... न वापरताच म्हातारं झालेलं. रणगाड्याच्या पंपात बसायचं होतं ते; सरकारची पुढची ऑर्डर येईल म्हणून ठेवलं, ऑर्डर आली नाही, आणि तो मात्र त्यावरची धूळ पुसत राहिला, जणू पुसल्याने रबर ताजं राहणार होतं.

"काका, पडून असलेल्या सगळ्याला लाल चिठ्ठी," नव्या मॅडम रॅकपलीकडून म्हणाल्या. "साठवणुकीचा खर्च सरकार आता देणार नाही. जे हलत नाही, ते बाहेर."

"मग पहिली मलाच लावा."

"तुम्ही हलता हो अजून. कुरकुरता, पण हलता."

तो हसला. पडून — स्टोअरचा शब्द, दिवसभर तोंडात असणारा, म्हणूनच सकाळी मुलाने फोनवर "आई कशी आहे?" विचारलं तेव्हा तोच निसटला होता, "पडून आहे." मुलगा हलकेच म्हणाला, "बाबा, म्हणून तर म्हणतोय. शुश्रूषागृहात एकच खाट रिकामी आहे. संध्याकाळपर्यंत कळवा. तुम्हाला आता उचलवत नाही तिला."

नाहीच उचलवत. परवा कूस बदलताना माझा हात सुटला, आणि जन्मभर मला वेंधळा म्हणत आलेली ती काहीच बोलली नाही. वाचाच गेलीय. पण दारात मी चपला काढल्या की तिचं डावं बोट चादरीवर हलतं... हलतं ना? की मला हवं असतं म्हणून? एवढ्याला हलणं म्हणतात का, हे कोणाला विचारायचं...

कड्यांच्या खोक्याला त्याने चिठ्ठीचा दोरा गुंडाळला, गाठ मारवेना. शेजारची फळी कालच रिकामी झाली होती. तिच्याकडे बघताना त्याला एकदम भीती वाटली — बायकोसाठी नव्हे, स्वतःसाठी. 'माझ्याशिवाय हिला कोण आहे?' हे आपण किती ऐटीत सांगत आलो. आणि ती शुश्रूषागृहात सुखाने राहिली तर, हा विचार आत्ता का सलावा?

फोन वाजला. "बाबा, काय ठरलं?"

"घरी जाऊन तिला विचारतो."

"आईला?" मुलाचा आवाज चिरकला. "ती काय सांगणार, बाबा?"

इतक्या वर्षांत तिला विचारून आपण काय ठरवलं होतं, हे तो आठवत राहिला... आठवेना. मुठीत कडं होतं. ते किंचित दबल्यासारखं वाटलं — की बोटच दबलं होतं, कोण जाणे.