मोठ्याने वाचलेले आकडे

मित्रांनो, माझ्यावर उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी श्वास रोखून धरतो. श्वास रोखल्याने वजन कमी भरत नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणालाच सांगता आले नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. खाली पाय ठेवायला खरबरीत फळी, मागे उंच लोखंडी खांब, वर आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारी दोन वजने, एवढाच माझा संसार.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथल्या कारागिराने माझी दांडी तीनदा काढून पुन्हा बसवली होती. माझ्यात रतीभर खोट राहू नये म्हणून त्याने डोळ्यांत तेल घालून काम केले. पुढे काही वर्षे मी एका दवाखान्यात काढली. तो दवाखाना बंद पडला, तेव्हा व्यायामाचा वर्ग घेणाऱ्या एक बाई मला घेऊन गेल्या.

बाईंचा वर्ग एका सभागृहात, पहिल्या मजल्यावर भरे. एका भिंतीला आरसे, समोर उंच खिडक्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटयांचा ढीग. बाई अंगाने काटक, पायाला भिंगरी लावल्यासारख्या. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा खांदा आखडतो, सगळे त्यांना तोंडपाठ होते. वर्गातल्या बायकांवर त्यांची माया होती, हे मी आजही सांगेन.

सोमवारचा पहिला पाव तास माझा असे. सगळ्याजणी रांगेत उभ्या राहत. बाई माझी दांडी जुळवून आकडा सांगत आणि बाईंची थोरली नणंद तो मोठ्याने पुन्हा म्हणून वहीत लिहून घेई. बाई तिला वन्सं म्हणत, म्हणून अख्खा वर्गच तिला वन्सं म्हणे. वन्संचा आवाज असा खणखणीत, की आकडा जिन्यापर्यंत ऐकू जाई. वजन उतरले तर टाळ्या. चढले तर वन्संचा एखादा विनोद.

"अगं, काट्याची तरी दया कर!"

सगळ्या हसत. जिच्यावर हसत, तीही हसे. पण मित्रांनो, मला चेहरे दिसत नाहीत, पाय कळतात. हसणाऱ्या त्या बाईच्या पायांची बोटे माझ्या फळीवर आवळलेली असत. मला ते जाणवत होते. तरी टाळ्या वाजल्या की मला वाटे, त्या माझ्यासाठीच आहेत. बाईंनी भिंतीवर मोठा तक्ता लावला आणि दर सोमवारचे आकडे त्यावर चढू लागले.

वर्गात पुस्तकांची बांधणी करणारी एक बाई होती. तिला सगळ्या बाइंडरताई म्हणत. सलग तीन सोमवार तिचे वजन चढले आणि सलग तीन सोमवार वन्संचा विनोद झाला. चौथ्या सोमवारी ती माझ्यावर उभी राहिली, तेव्हा तिचे पाय लटपटत होते. आकडा अडीच किलोने खाली आला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या कडकडाटातच ती कोसळली.

बाईंनी धावत जाऊन तिच्या तोंडाला पाणी लावले. तेव्हा ती पुटपुटली, "शनिवारपासून जेवले नाही. कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही."

हे फक्त बाईंनी ऐकले, आणि मी.  बाई मागे वळून म्हणाल्या, "काही नाही गं, उन्हानं चक्कर आली. चला, चटया टाका."

बाइंडरताई पुन्हा आली नाही. तक्त्यावर तिच्या नावापुढे 'अडीच किलो कमी' हे लाल शाईत तसेच राहिले.

त्यानंतर वर्ग हळूहळू रोडावत गेला. चौतिसाच्या तेरा झाल्या. त्याच सुमारास बाई पुढच्या पदविकेचा अभ्यास करत होत्या. त्यात शेवटी स्वतःच्या कामातूनच एक लहानसे संशोधन आखून दाखवायचे होते. बाईंनी विषय चटकन ठरवला. दर आठवड्याला वजन जाहीर केल्याने ते लवकर उतरते, हे त्यांना दाखवायचे होते. पुरावा हाताशी होता. वहीतून काढलेली सरासरीची रेघ घसरगुंडीसारखी खाली येत होती.

त्यांचे मार्गदर्शक सर एकदा वर्ग पाहायला आले. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवले.

"या शेवटच्या सरासरीत किती जणी आहेत?"

"तेरा."

"आणि पहिल्या?"

"चौतीस."

"मग एकवीस जणी गेल्या कुठं?"

"सोडून गेल्या, सर. चिकाटी नसते सगळ्यांना."

"हे त्यांनी सांगितलं, की तू ठरवलंस?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सर, मी इथं रोज असते. तुम्ही आज आलात."

"म्हणूनच विचारतोय," सर शांतपणे म्हणाले. "ज्यांचं वजन उतरलं त्या टिकल्या. उरलेल्या गेल्या, म्हणजे सरासरी आपोआप खाली येणार. तू आपलीच पाठ थोपटून घेतेयस. आराखडा द्यायला दोन आठवडे आहेत. आधी गेलेल्यांना विचार."

 तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाई माझ्या फळीवर बसल्या, खांबाला पाठ टेकली आणि फोन लावू लागल्या. लिहिता यावे म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता. कुणी मुलांच्या शाळेची वेळ सांगितली, कुणी सासऱ्यांचे आजारपण. बाईंना हायसे वाटले. मग एका परिचारिकेला फोन लागला.

"खरं सांगू, बाई? रविवारी संध्याकाळपासून माझं पोट दुखायचं. मंगळवारी आपोआप थांबायचं."

त्यानंतर बाईंनी प्रत्येकीला सोमवारबद्दल सरळच विचारले. पंधरा जणी बोलल्या. नऊ जणींनी माझेच नाव घेतले. बाई जागच्या हलल्या नव्हत्या, तरी माझी दांडी थरथरत राहिली, कारण माझ्यावर बसलेले माणूस थरथरत होते.

वन्संनी ते कागद वाचले आणि त्यांचा खणखणीत आवाज पडला. "म्हणजे आता मीच वाईट का? मी आपली गंमत करत होते."

"आकडा मीच तुमच्या हाती देत होते, वन्सं," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या गमतीवर सगळ्यांत आधी मीच हसत होते."

बाइंडरताईला त्यांनी फोन केला नाही. चिठ्ठी पाठवून भेटायला बोलावले. ती आली, पण मला पाहताच उंबरठ्यापाशीच थांबली. बाईंनी संमतीचा कागद पुढे केला.

"तुझं नाव येणार नाही. त्या दिवशी मी सगळ्यांशी खोटं बोलले. ते मला लिहायचंय."

"नाव नसलं तरी वर्गात पडलेली एकटी मीच आहे ना? कुणीही ओळखेल."

"बाकीच्यांचं भलं होईल गं त्यानं."

बाइंडरताईने कागद हातात घेतला नाही. "तेव्हा तुमच्या तक्त्याला माझं उतरणं पाहिजे होतं. आता तुमच्या अभ्यासाला माझं पडणं पाहिजे. नको, बाई. तुम्ही काय केलंत ते तुम्ही लिहा. माझं माझ्यापाशी राहू द्या."

"मला माफ करशील?"

"बघू," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बाइंडरताईच्या पडण्यावर लिहिलेली आराखड्यातली दोन पाने बाईंनी फाडली. सगळ्यांत भक्कम पुरावा तोच होता. त्याऐवजी त्यांनी स्वतःपुरत्या दोन ओळी लिहिल्या. 'वजन जाहीर करण्याची पद्धत मी सुरू केली. तिचा त्रास होतो हे कळल्यावरही मी गप्प बसले.' मग स्टुलावर चढून त्यांनी तक्ता काढला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन उरला.

नवा आराखडा साधा होता. आठ आठवडे कुणाचेही वजन करायचे नाही. प्रत्येकीने आपले माप आपणच निवडायचे. कुणी न थांबता जिना चढून पाहील, कुणी हात न टेकता जमिनीवरून उठून पाहील. ते बाईंना सांगायचे की नाही, हेही तिनेच ठरवायचे. कोण टिकते आणि कोण जाते, एवढीच नोंद ठेवायची.

"यात वर्ग बंदही पडू शकतो," सर म्हणाले.

"माहीत आहे, सर."

मला मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. पहिल्या सोमवारी सवयीप्रमाणे रांग लागल्याचे मला दारातून ऐकू आले.

"काटा कुठाय?"

बाईंनी सगळे समजावून सांगितले.  मग एकजण तडकली, "मी त्या काट्यासाठीच येत होते, बाई. मला तो हवा होता." तिची पावले जिन्यावरून खाली गेली. बाईंनी तिला थांबवले नाही. थोड्या वेळाने गाणे सुरू झाले आणि जमिनीवर पावले पडू लागली. मी मोजली. बारा जणी.

मित्रांनो, आठ आठवड्यांनी काय होईल, मला ठाऊक नाही. कदाचित मला भंगारात देतील, कदाचित पुन्हा बाहेर काढतील. मी एकदाही खोटा आकडा दाखवला नाही, तरी नऊ जणी माझ्यामुळे गेल्या, हे मी विसरू शकत नाही. म्हणून एकच विनवणी. कुणाचा आकडा तुमच्या हाती आला, मग तो वजनाचा असो की परीक्षेच्या गुणांचा, तर तो ज्याचा त्यालाच सांगा आणि हळू सांगा. त्याला ऐकायचा नसेल, तर तेवढा दिवस थांबा.